बैलगाडीची धाव
जुन्या गाडीला रुंद चाकं बसवायचं वेड फक्त मोटारवाल्यांना असतं, असं कोण म्हणतं? आमच्या धाराशिवच्या काळ्या रानात बैलगाडीनंही तेच केलं. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद; चिखलात रुतायची, वाटेवर चाकोरी पाडायची. (‘चाकोरीबाहेर’ तिथलाच बरं का!) बेलफास्टच्या जॉन डनलॉपनं १८८७ साली मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, आणि पुढे आपल्याकडे टायरच्या बैलगाडीचं नावच ‘डनलॉप’ पडलं. ढोकीच्या तेरणा कारखान्याला ऊस नेताना त्याच बैलजोडीला जास्त ओझं ओढता येऊ लागलं. म्हणून लादलंही गेलं. मला मात्र धावच आठवते: गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करायची, चाकावर चढवायची, पाणी ओतायचं, लोखंड आवळलं की आरे घट्ट. सुतार-लोहाराचं ते काम पंक्चरवाल्याकडे गेलं.