वनस्पती-अर्कांची प्राण्यांवरील विषाक्तता चाचणी

औषधी वनस्पतीचा अर्क माणसाला देण्यापूर्वी तो किती मात्रेपर्यंत निर्धोक आहे, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर पडताळण्याच्या प्रक्रियेस विषाक्तता चाचणी म्हणतात. वनस्पती परंपरेने वापरात असली तरी तिचा अर्क निर्धोक असतोच असे नाही. अर्कात द्रव्यांची तीव्रता वाढते. काढ्यात न उतरणारी काही द्रव्ये इतर द्रावकांत उतरतात.

पद्धती

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेनुसार तीव्र विषाक्ततेच्या चाचणीत प्रत्येक टप्प्यात ३ उंदीर, बहुधा माद्या, घेतात. दर किलोग्रॅम वजनामागे ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅम यांपैकी एक मात्रा तोंडावाटे देऊन १४ दिवस निरीक्षण करतात. दीर्घकाळ घ्यावयाच्या औषधासाठी २८ किंवा ९० दिवसांची चाचणी असते. तीत वजन, रक्त, यकृत व मूत्रपिंड यांतील बदल तपासले जातात.

नरक्याचे उदाहरण

सिंधुदुर्गातील आंबोलीसह सह्याद्रीच्या जंगलांत नरक्या हा लहान वृक्ष आढळतो. मन्रो वॉल व मनसुख वानी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य नरक्यातही असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखविले. उंदरांच्या रक्तकर्करोगावर ते प्रभावी ठरले होते. मात्र १९७० च्या दशकात रुग्णांना त्याचा क्षार दिला असता अस्थिमज्जेस इजा व मूत्राशयातून रक्तस्राव असे गंभीर परिणाम दिसले आणि चाचण्या थांबविण्यात आल्या. उंदराच्या मज्जापेशी हे द्रव्य मानवी पेशींपेक्षा अधिक सहन करतात, असे पुढे आढळले. या द्रव्यापासून तयार केलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

प्राण्यांवरील चाचणी धोक्याची पूर्वसूचना देते. मानवी सुरक्षिततेची हमी देत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कायदेशीर तरतुदी

भारतात असे प्रयोग प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० व त्याखालील १९९८ च्या नियमांच्या अधीन असून, संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची पूर्वमंजुरी आवश्यक असते. शक्य तेथे पर्यायी पद्धती वापरणे, प्राण्यांची संख्या कमी ठेवणे व त्यांच्या वेदना घटविणे ही तीन तत्त्वे पाळली जातात. नवीन औषधांसाठी पेशीसंवर्धनासारख्या प्राणिविरहित पद्धतींना २०२३ च्या दुरुस्तीने नियमांत स्थान मिळाले.