मातीआड

महार समाजात मयताला माती देत. अभ्यासक याला 'रूढी' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. गावातल्या मयताची वर्दी परगावी पोचवायची आणि सरणाची लाकडे वाहायची, ही महाराची वतनी कामे. मोबदला काय, तर मढ्यावरचे कापड! दुसऱ्याचे सरण वाहणाऱ्याला स्वतःच्या सरणाला लाकूड कुठले? संन्याशाला पुरले की ती समाधी होते, महाराला पुरले की हीनपणाची खूण. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना कोसळलेल्या भिंतीखाली गेले. त्यांच्या अस्थी पंढरपुरात पुरल्या, त्याही महाद्वाराबाहेर. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले. वतन गेले १९५९ साली. कित्येक गावांत मसणवटा मात्र अजून वेगळाच आहे.