दाताच्या डॉक्टरकडे जाताना घरच्या गोळ्या सोबत न्या

दाढ दुखायला लागली की आपल्याकडे आधी मेडिकल गाठले जाते. एक पेनकिलर, एक अँटिबायोटिक घेतले की झाले! पण घरातल्या अब्बा-अम्मींच्या बीपी, शुगर, हृदयाच्या गोळ्या आधीच सुरू असतात. त्यांत दाताची औषधे मिसळली की कधी कधी मोठा त्रास होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : वॉरफरिन किंवा असेनोकुमारोल सुरू असताना दाताच्या संसर्गावर दिले जाणारे मेट्रोनिडाझोल घेतले, तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. मात्र दाढ काढायची म्हणून या गोळ्या किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्याला गुठळीचा धोका रक्तस्रावापेक्षा मोठा असू शकतो. किती दिवस थांबायचे, थांबायचे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

बीपी आणि किडनी : रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी गोळी आणि लघवीची गोळी सुरू असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्यास किडनीवर ताण येतो, बीपीही वाढते. अशांना बहुतेक वेळा पॅरासिटामॉल बरे. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर ते देऊ नये. लिव्हरचा आजार किंवा वजन कमी असेल तर मर्यादा आणखी कमी. सर्दीच्या आणि जोड पेनकिलर गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही मोजा.

शुगर : ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला तोंडातल्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोल दिले तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

कोलेस्टेरॉल : सिम्वास्टॅटिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन घेतल्यास स्नायूंना इजा होऊ शकते.

हाडे : हाडांच्या ठिसूळपणासाठी अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड घेतलेल्यांचा जबडा दाढ काढल्यावर नीट न भरण्याचा धोका असतो. वर्षातून एकदाच इंजेक्शन घेतले असले तरी सांगा.

गरोदर महिला : पाच महिन्यांनंतर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन सहसा टाळतात, बाळाच्या दातांवर डाग पडू शकतात.

रोज्यात : दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या इफ्तारला एकदम घेऊ नका. रोजा आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा, दोन वेळा घेता येईल असे औषध निवडता येते. पेनकिलर रिकाम्या पोटी नको. तब्येत साथ देत नसेल तर आजाऱ्याला नंतर कजा ठेवण्याची सवलत आहेच.

खुर्चीत बसण्याआधी हे सांगा : सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे दाखवा, युनानी, आयुर्वेदिकसुद्धा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, दमा, अ‍ॅसिडिटीचा अल्सर, किडनीचा त्रास लपवू नका.

दाढ काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट दाबूनही रक्त थांबत नसेल, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. औषध घेतल्यावर ओठ, चेहरा सुजला किंवा श्वास अडकला, तर वाट न पाहता थेट दवाखान्यात न्या.