ताम्रपटावरची राणी

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे मुख तिच्या बहुतेक प्रजेने कधी पाहिले नव्हते. नाण्यावरचा ठसा काय तो ठाऊक. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, त्यांत शाई भरून ओलसर कागदावर छापलेल्या चित्रांच्या शेकडो प्रती निघू लागल्या आणि राजदर्शन विकत मिळू लागले. राणीच्या चित्रांची दरबारास आधीपासूनच धास्ती होती. मान्य नमुना होईपर्यंत कोणी तिचे चित्र काढू नये, असा जाहीरनामा १५६३ साली योजिला गेला. तो मसुदाच राहिला असे दिसते. (कचेरीत वावरणाऱ्यांस याचे नवल वाटू नये!) १५९६ मध्ये मात्र प्रिव्ही कौन्सिलने बेढब चित्रे नष्ट करण्याचे फर्माविले.

त्याच वर्षीचे, कोलोनवासी डच कोरक्या क्रिस्पिन द पास याचे ताम्रचित्र आम्हांस विशेष बोलके वाटते. राजदंड व राजगोल घेतलेली राणी दोन स्तंभांमध्ये उभी. एकावर स्वरक्ताने पिले पोसणारा पेलिकन, दुसऱ्यावर स्वतःच्याच राखेतून उठणारा फिनिक्स. राणी साठीपलीकडची, अविवाहित, निपुत्रिक. तिच्यामागून कोण, हे उघड बोलणेही धोक्याचे. त्या दोन पक्ष्यांनी प्रजेस जणू सांगितले की, वारसाची चिंता नको, राणी आहेच. १६०३ त ती वारली. गादीवर स्कॉटलंडचा जेम्स आला.