एका अवलक्षणी खेळीची कथा

१९८० सालीं स्वीडनमधील स्कारा येथें युरोपीय सांघिक स्पर्धेंत बुद्धिबळाचा जगज्जेता अनातोली कार्पोव याच्यासमोर इंग्रज ग्रँडमास्टर अँथनी माइल्स बसला होता. कार्पोवनें राजापुढील प्यादें दोन घरें सरकवितांच माइल्सनें वजिराकडील हत्तीपुढचें प्यादें एक घर पुढें केलें! पटाचा मध्यभाग प्रतिपक्षास आंदण देणारी ही खेळी नवशिक्यास शोभावी अशी. प्रेक्षकांत हंशा पिकला. पण रूढ मार्गानें गेल्यास कार्पोवच्या अफाट व्यासंगाशींच गांठ पडणार, हें माइल्सनें ओळखलें असावें. आडवाटेवर दोघांचेंहि पाठांतर सारखेंच निरुपयोगी. ४६ व्या खेळीअखेर जगज्जेत्यानें डाव सोडला. एवढ्यावरून ती खेळी निर्दोष ठरली, असें मात्र कोणीं समजूं नये. जय मिळाला तो पुढील झुंजींत, त्या प्याद्यामुळें नव्हे.