कुलवृत्तांत वाचताना आधी रिकाम्या जागा मोजा

आमच्या ईटमध्ये (ता. भूम, जि. धाराशिव) ‘वंशावळ’ हा शब्द बहुतेकांना जातीच्या दाखल्याच्या कामात भेटतो. पणजोबा, आजोबा, वडील आणि खाली आपण. मी माझी लिहिली तेव्हा ती चार ओळींत संपली आणि त्यात एकही बाई नव्हती. आजीचं नाव मला माहीत होतं. कुणी विचारलं नाही, मीही लिहिलं नाही. पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक छापील कुलवृत्तांत हातात आला. एकाच आडनावाची शेकडो पानं! माझ्या चार ओळी आणि ही शेकडो पानं, यात फरक कशाचा? घराणं जुनं असण्याचा, की नोंद ठेवता येण्याचा?

संशोधनाला लागण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण कुलवृत्तांत म्हणजे आयता डेटा वाटतो. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा, वंशवृक्ष आणि मग एकेका माणसाची माहिती: जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, बायकोचं माहेर. पण ही पुस्तकं विशिष्ट काळात, विशिष्ट लोकांनी केली. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. दप्तरं, सनदा, जुने कागद जपायचे असतात ही जाणीव शिकलेल्या घरांत पसरली. १९१४ चा ‘आपटे घराण्याचा इतिहास’ याच वातावरणातला. पुढे कोकणस्थांच्या अनेक आडनावांचे कुलवृत्तांत आले.

त्याआधी असा इतिहास लोकांपुढे मांडणं राजालाच परवडायचं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो आजही तिथे आहे. भिंतीच्या जागी छापखाना आला तेव्हा शिकलेल्या मध्यमवर्गाला ते जमू लागलं. बाकीच्यांना तेव्हाही नाही.

मग अशा साधनातून शास्त्रीय काम होतं का? होतं. लुई हेन्री या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने जिनिव्हातल्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यांच्या प्रसिद्ध वंशावळी घेतल्या आणि १९५६ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. शेवटचं मूल झालं तेव्हा बाईचं वय काय होतं, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या मोजलं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते वय खाली येताना दिसलं, म्हणजे ही कुटुंबं मुलांची संख्या जाणूनबुजून मर्यादित ठेवत होती. पण हा निष्कर्ष त्या वरच्या थरापुरता, सगळ्या जिनिव्हाचा नाही. आपणही एवढंच पथ्य पाळायचं.

कुलवृत्तांत हातात आला की मी चार गोष्टी तपासतो.

एक, माहिती गोळा कशी केली? प्रस्तावना वाचा. पत्रं पाठवून माहिती मागवली असेल, तर ज्यांनी उत्तर दिलं तेच पुस्तकात आले. गाव सोडून गेलेले, भांडून वेगळे झालेले, अक्षरओळख नसलेले गळाले.

दोन, मुलगे आणि मुली मोजा. एखाद्या शाखेत साठ मुलगे आणि वीस मुली दिसल्या तर लगेच सिद्धान्त मांडू नका. बहुतेकदा मुली जन्मलेल्या असतात, लिहिलेल्या नसतात. लहानपणी गेलेल्या मुलांचंही तेच. त्यामुळे अशा नोंदींवरून बालमृत्यूचा दर काढला तर तो खोटाच कमी येणार.

तीन, साधा भागाकार करा. मूळ पुरुष १७०० सालचा आणि १९१४ सालचा वंशज त्याच्यापासून चौथ्या पिढीतला असेल, तर एका पिढीला सुमारे ५३ वर्षं पडतात. एखाद्या वेळी चालेल, सलग चारदा अवघड आहे. मधली नावं हरवली असणार.

चार, निपुत्रिक शाखा शोधा. ज्यांचे वंशज उरले त्यांचीच आठवण उरते. वंशवृक्ष भरगच्च दिसतो त्याचं हेही एक कारण.

आता पुन्हा ईटकडे. इथल्या बहुतेक घरांचा कुलवृत्तांत छापलेला नाही, याचा अर्थ त्यांना इतिहास नाही असा होत नाही. तो विखुरलेला आहे: निजामकाळातल्या महसुली कागदांत, १९५४ च्या खासरा पाहणीत, शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात, तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्यांत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा लोकांना कळलं की आपल्या पणजोबाचं नाव उर्दूत किंवा मोडीत कुठेतरी पडून आहे, आणि ते वाचणारा मिळणं हीच मोठी अडचण आहे. कुठल्या घरांचा अभ्यास होतो हे बऱ्याचदा असं ठरतं. ज्यांचं छापलंय त्यांच्यावर प्रबंध होतात. बाकीच्यांसाठी आधी लिपी शिकावी लागते.

म्हणून मोडी शिका, जमलं तर उर्दूही. आणि सुरुवात घरातून करा. आपली वंशावळ काढा, पण आजी, आत्या, लहानपणी गेलेली भावंडं, सगळ्यांसकट. प्रत्येक नावापुढे लिहा: हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं. नाव मिळालं नाही तर चौकट खोडू नका, रिकामी ठेवा. माझ्या कागदावर आता आजी आहे. तिच्या आईची चौकट अजून रिकामी आहे.