गाजली ती दुसऱ्याच्या गळ्यातून

ग्वाल्हेर म्हटले की सामान्य माणसाला किल्ला आठवतो आणि गाण्याची थोडीबहुत गोडी असणाऱ्याला तानसेनाची समाधी आठवते. मराठी माणसाला मात्र तिसरीही एक गोष्ट आठवावयास हवी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली. छावणीचे शहर झाले आणि त्या शहराला 'लष्कर' हेच नाव पडले. छावणीबरोबर दक्षिणेतली घराणी तेथे गेली, त्यांचे देव गेले, सणवार गेले, भाषाही गेली. महाराष्ट्राने असे बरेच काही ग्वाल्हेरला दिले. त्याची परतफेड ग्वाल्हेरने ख्यालाने केली, आणि ती व्याजासकट केली असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु ज्या माणसाच्या गळ्यातून ग्वाल्हेरचा ख्याल सर्वांत सुरेल होऊन बाहेर पडला, त्याचे नाव आज जाणकारांच्या बैठकीबाहेर क्वचितच ऐकू येते. रहिमतखाँ हे ते नाव. त्यांच्या काळच्या रसिकांनी त्यांना 'भूगंधर्व' म्हटले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ज्या मोजक्या चिजा ध्वनिमुद्रित केल्या त्यांत 'जमुना के तीर' ही भैरवी होती. ही भैरवी ठाऊक नाही असा मराठी श्रोता विरळा. पण तिच्याबरोबर रहिमतखाँचे नाव कोणी घेत नाही. ती ओळखली जाते अब्दुल करीमखाँची म्हणून.

ह्यात कोणी कोणाचे काही चोरले, असे मानण्याचे कारण नाही. ग्वाल्हेर गायकीचा जन्मच मुळी दुसऱ्याचे गाणे कानाने उचलण्यातून झालेला आहे. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे दोघे भाऊ नत्थन पीरबक्षांचे नातू. दौलतरावांच्या पदरी त्या वेळी बडे महंमदखाँ नावाचे अत्यंत तयारीचे गवई होते आणि त्यांची तान म्हणजे दरबाराचा अभिमान होता. ती तान आपल्या तरुण गवयांस यावी म्हणून महाराजांनी ह्या दोघां भावांना पडद्याआड बसवून ती अनेक महिने ऐकविली, आणि एके दिवशी भर दरबारात त्यांनी ती जशीच्या तशी म्हणून दाखविली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यातला तपशील कमीअधिक असेल. गवयांच्या गोष्टी तोळ्यामाशाने मोजू नयेत. पण गाणे हे ऐकणाऱ्याचे होते, हा त्या कथेतला मुद्दा ग्वाल्हेरच्या पुढच्या साऱ्या इतिहासाला लागू पडतो.

हद्दूखाँना जयाजीराव शिंद्यांच्या कारकीर्दीत मोठा मान मिळाला. त्यांच्या घराण्याची विद्या मराठी मुलांना मिळू लागली ती ह्याच सुमारास. वासुदेवबुवा जोशी ह्याच परंपरेतले. त्यांच्याकडून ती विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत आणली, आणि बाळकृष्णबुवांकडून मिरजेस ती विष्णु दिगंबरांनी घेतली. ही वंशावळ बहुतेकांस पाठ असते. हद्दूखाँच्या दुसऱ्या एका मराठी शागिर्दाची आठवण मात्र निराळ्याच कारणाने राहिली आहे. हा शागीर्द म्हणजे विष्णुपंत छत्रे.

विष्णुपंत हे सांगली भागातील अंकलखोपचे. त्यांना दोन वेडे होती, घोड्यांचे आणि गाण्याचे, आणि ही दोन्ही वेडे एकाच गावी पुरी होतील असे एकच ठिकाण त्या काळी हिंदुस्थानात होते. ग्वाल्हेरीस बाबासाहेब आपटे हे अश्वविद्येतले नामांकित जाणकार होते आणि हद्दूखाँ गाण्यातले. विष्णुपंत दोघांकडेही शिकले. पुढे पोटासाठी व कीर्तीसाठी त्यांनी घोड्यांची विद्या पत्करली आणि देशातली पहिली मोठी सर्कस काढली. गाण्याची विद्या त्यांनी पोटासाठी वापरली नाही, पण गुरूचे ऋण ते विसरले नाहीत.

त्या ऋणाची फेड करण्याची वेळ विचित्र रीतीने आली. १८७५ मध्ये हद्दूखाँ वारले. थोरला मुलगा महंमदखाँही राहिला नाही. धाकटे रहिमतखाँ अफूच्या नादी लागून घराबाहेर पडले आणि भटकत राहिले. काशीस ते अगदी हलाखीत विष्णुपंतांच्या दृष्टीस पडले. ज्याच्या बापाला हत्तीवरून मिरविण्यात दरबाराला धन्यता वाटली असती, तो कळकट कपड्यांनी रस्त्यावर! विष्णुपंतांनी गुरुपुत्राला उचलून आपल्या बिऱ्हाडी आणले, आणि त्या दिवसापासून रहिमतखाँचा मुक्काम सर्कशीबरोबर झाला.

भूगंधर्व आणि सर्कस ही जोडी आज ऐकताना हसू येते. प्रत्यक्षात ती व्यवस्था उत्तम होती. सर्कस मोठ्या शहरी जाई तेथे विष्णुपंतांचे वजन असे. ते रसिकांची बैठक भरवीत आणि खाँसाहेबांना गावयास बसवीत. खाँसाहेबांची लहर सांभाळणे हे वाघ-सिंह सांभाळण्यापेक्षा अवघड होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही, कारण त्यांचे मन पुरतेपणी ताळ्यावर असे असे नाही. परंतु षड्ज लागला की तो माणूसच वेगळा होई. ग्वाल्हेरची गायकी मर्दानी, ठाशीव, तालाशी सलगी करणारी आणि आठही अंगांनी भरलेली. रहिमतखाँनी तिच्यातली ताकद न सोडता तिला आर्तता दिली. त्यांच्या गाण्यात स्वर हा चिजेचा चाकर राहिला नाही, मालक झाला. हाच बदल पुढच्या पन्नास वर्षांच्या महाराष्ट्रातील गाण्याला वळण देणारा ठरला.

१९०५ मध्ये विष्णुपंत वारले. त्यांचे बंधू काशिनाथपंत ह्यांनी खाँसाहेबांचा सांभाळ पुढे चालविला. शेवटची वर्षे कुरुंदवाडला गेली. हे गाव लहान, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, नरसोबाच्या वाडीला लागून. ग्वाल्हेर गायकी घरोघर नेणारे विष्णु दिगंबर १८७२ मध्ये जन्मले ते ह्याच गावी. येथेच १९२२ मध्ये रहिमतखाँनी देह ठेवला. इचलकरंजी येथून जवळ, मिरजही फार दूर नाही. ग्वाल्हेरचे गाणे शेकडो कोस चालत येऊन शेवटी ह्या नदीकाठच्या चार गावांत मुरले.

आता ध्वनिमुद्रिकांविषयी. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गोहरजानचा आवाज मुद्रित केला. तेव्हापासून हिंदुस्थानी गाण्याला बाजार मिळाला, पण तो तीन मिनिटांचा. मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गवयाने गावयाचे, आवाजाच्या जोरावर सुई हलावयाची आणि मेणावर रेघ उमटावयाची. जो आवाज बारीक, आत वळलेला, तो त्या रेघेत हरवे. विलंबित ख्यालाची अस्ताई ठीकशी मांडून होते न होते तोच मेण संपे. ज्या गाण्याला हे सोयीचे पडले ते गाजले. नाटकातले पद मुळातच आटोपशीर, आणि गिऱ्हाईकाने ते रंगभूमीवर आधी ऐकलेले. 'मानापमान' १९११ मध्ये आले, 'स्वयंवर' १९१६ मध्ये आले, आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात ख्यालाची बैठक पाहिली नाही अशा घरांतही पदांच्या तबकड्या वाजू लागल्या. 'स्वयंवरा'तील चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांच्या तालमीत ग्वाल्हेरचा वाटा मोठा होता. त्यांच्या चाली घरोघर गेल्या, स्वतः बुवांचा आवाज मात्र ऐकावयास शिल्लक नाही. तेही १९२२ सालीच गेले.

वझेबुवांची गोष्ट ह्याच जातीची. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडीकडचे. अनंत हाल सोसून ते ग्वाल्हेरीस पोहोचले आणि निसार हुसेनखाँच्या हाताखाली शिकले. त्यांच्या तबकड्या निघाल्या, खंबावती आणि तिलककामोद ह्यांच्या तर गवयांनी पारायणे केली. पण बुवांचा आवाज रांगडा आणि चिजा अनवट, त्यामुळे पेठेत त्यांना पदांसारखी मागणी येणे शक्य नव्हते. केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर ह्यांच्यासारखे गळे बुवांच्या तालमीतून गेले आणि ते मात्र हजारोंच्या प्रेक्षागृहांत दुमदुमले. विहीर एकाची आणि रहाट दुसऱ्याचा, असा हा प्रकार.

रहिमतखाँची तबकडी कर्ण्यापुढे मुद्रित झालेली आहे. वय झालेले, अफूने शरीर पोखरलेले, यंत्र ओबडधोबड, आणि तरीही भैरवीचा स्वर लागतो तो थेट लागतो. ज्यांनी खाँसाहेबांना बैठकीत ऐकले होते त्यांना ही तबकडी म्हणजे फोटोग्राफासारखी वाटली असेल: माणूस तोच, पण रंग गेलेला. ज्यांनी ऐकले नव्हते त्यांच्यापर्यंत ती फारशी पोहोचली नाही. गाण्याची कीर्ती टिकावयाची तर मागे शिष्य लागतात, शाळा लागते, निदान नाव सांगणारा मुलगा लागतो. रहिमतखाँपाशी ह्यातले काही नव्हते.

अब्दुल करीमखाँपाशी ते सर्व होते. किराण्याहून निघालेले हे खाँसाहेब बडोदे, पुणे, मुंबई करीत अखेर मिरजेस स्थायिक झाले. रहिमतखाँच्या गाण्याचा त्यांच्यावर झालेला संस्कार जाणकारांत सर्वमान्य आहे. आलापीतला तो ओढाळ, दुःखाने भिजलेला स्वर त्यांनी त्या गाण्यातून उचलला आणि आपल्या नाजूक, निमुळत्या आवाजात घोळवून घेतला. शिवाय काळ त्यांना धावून आला. १९२५ नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाले, कर्णा गेला, मायक्रोफोन आला. कुजबुजल्यासारखा स्वरही आता मेणावर उमटू लागला. १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या, आणि 'जमुना के तीर' धारवाडपासून मुंबईपर्यंत हॉटेलांतून, दुकानांतून, माजघरांतून ऐकू येऊ लागली. ज्या सुरासाठी पूर्वी छत्र्यांच्या बिऱ्हाडी आमंत्रण असावे लागे, तो सूर आता तबकडीच्या किमतीला मिळू लागला. १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल येथे करीमखाँ वारले, तेव्हा ती भैरवी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली होती.

न्याय म्हणून पाहू गेल्यास रहिमतखाँवर अन्याय झाला हे खरे. पण करीमखाँनी ती भैरवी गायली नसती, तर ती रहिमतखाँच्या नावाने गाजली असती काय? तसे दिसत नाही. ती त्या एका झिजलेल्या तबकडीत आणि चार म्हाताऱ्या रसिकांच्या आठवणीत राहिली असती. रहिमतखाँना विसरणाऱ्यांत पहिला क्रमांक करीमखाँच्या भक्तांचा लागत नाही, तो ग्वाल्हेरच्या अभिमान्यांचा लागतो. घराण्याच्या गप्पांत हद्दू-हस्सूंच्या तानांचे पोवाडे म्हणावयाचे आणि त्याच घरातल्या सर्वांत गोड गळ्याचा उल्लेख 'लहरी होते' एवढ्यावर संपवावयाचा, ही रीत काही भूषणावह नाही.

स्वतः ग्वाल्हेर शहराचेही पुढे असेच झाले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये तेथे वडिलांच्या नावाने गांधर्व महाविद्यालय काढले, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय निघाले, राजाभैया पूछवाल्यांनी तेथे पिढ्या घडविल्या. विद्या अशी भरपूर होती, पण प्रसिद्धीची पेठ मुंबई-पुण्याकडे सरकलेली होती. पंडितजी १९८९ पर्यंत, शहाण्णव वर्षे जगले. त्यांच्या व्यापारी ध्वनिमुद्रिका त्यांच्या आयुष्याच्या मानाने फारच थोड्या.

१९२२ मध्ये, म्हणजे रहिमतखाँ वारले त्याच वर्षी, गदगच्या जोशी कुटुंबात एक मुलगा जन्मला. गावातल्या दुकानात अब्दुल करीमखाँची झिंझोटीची ठुमरी तबकडीवर ऐकून त्याला असे गाणे शिकण्याचा ध्यास लागला आणि १९३३ मध्ये तो घर सोडून निघाला. गाणे शिकावयाचे तर ग्वाल्हेरीस, एवढेच त्याने ऐकलेले होते. रेल्वेत भजने म्हणत, उतरविला जाईल तेथे उतरत तो ग्वाल्हेरपर्यंत गेला. सरोदिये हाफिज अलीखाँ ह्यांच्या मदतीने माधव संगीत विद्यालयात त्याची सोय लागली. गुरूच्या शोधात तो पुढेही हिंडला आणि शेवटी घराच्या अगदी जवळ, कुंदगोळला, करीमखाँचे शिष्य सवाई गंधर्व ह्यांच्या दारी जाऊन थांबला. भीमसेन जोशी पुढे मैफलीच्या शेवटी पुष्कळदा भैरवी गात, आणि त्या भैरव्यांत हद्दूखाँच्या मुलाची 'जमुना के तीर' असे.